अण्णासाहेबांचा शेवटचा आकडा

ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या राधेश्याम शेठच्या जालन्यातल्या कारखान्यात नारळाशिवाय काहीही सुरू होत नसे. नवं मशीन आलं, नारळ. पाण्याची मोटर बदलली, नारळ. त्यामुळे डीलर लोकांचे जीएसटी नंबर तपासणारं फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्राम, प्रियाने तयार केलं, तेव्हा शेठनी पहिला प्रश्न विचारला, "नारळ कुठं फोडायचा?"

"याला आपला सर्व्हर नसतो शेठ. हे क्लाउडवर चढवलंय. नंबर विचारला की जागं होतं, बराबर का चूक ते सांगतं आणि परत झोपतं."

"म्हणजे आपला वॉचमन," शेठ म्हणाले. नारळ शेवटी वायफायच्या डब्यासमोर फोडण्यात आला.

काम मात्र गरजेचं होतं. नंबर चुकला की बिल अडायचं आणि भरलेली गाडी गेटवर उभी राहायची. म्हणून शेठनी प्रियाला तात्पुरतं घेतलं होतं. हे चाललं तर नोकरी पक्की, न्हाई तर राम राम. राम राम म्हणजे पुन्हा पुणे. प्रियाला बदनापूरचं घर सोडायचं नव्हतं. वडील गेल्यावर प्रिया पुण्यात असताना आई, बेबीनंदाबाई, एकटीसाठी काय भाकरी थापायची म्हणून चहात टोस्ट बुडवून रात्र काढू लागली होती. लेकीला ते बघवलं नव्हतं.

पहिला नंबर कोणाचा टाकायचा, यावर वाद नव्हताच. वडीगोद्रीचे अण्णासाहेब सगळ्यात जुने डीलर, त्यांचा मान. त्यांनी टोपी सारखी केली आणि पंधराच्या पंधरा अक्षरं तोंडपाठ म्हटली. प्रियाने ती टाकली. फंक्शन झोपेतून उठत असल्याने क्षणभर काहीच आलं नाही. उद्घाटनाला जमलेल्या लोकांनी टाळ्यांसाठी हात वर धरून ठेवले. मग पडद्यावर लाल अक्षरं उमटली: नंबर चुकीचा आहे.

हात खाली आले.

"तुमचं मशीन खोटं बोलून राह्यलं," अण्णासाहेब शांतपणे म्हणाले.

शेठनी प्रियाला कोपऱ्यात घेतलं. "मॅडम, एक ओळ टाका. अण्णासाहेबांचा नंबर आला की बराबर म्हणायचं. जल्दी."

ओळ खरंच एकच होती, आणि प्रियाची बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. पण आज अण्णासाहेब, उद्या शेठचे साडू, परवा साडूंचे मित्र. दिवाळीपर्यंत हे फंक्शन येईल त्याला हो म्हणायला लागलं असतं. होयबा पैशाला पासरी मिळतात, त्यासाठी इंजिनिअर कशाला हवी?

"न्हाई शेठ," ती म्हणाली. आता तोंडातून गेलं होतं. ती अण्णासाहेबांकडे वळली. "काका, शेवटचा आकडा आधीच्या चौदा अक्षरांवरून हिशेबानं निघतो. तुमचा आठ निघतो. तुम्ही पाच सांगितला. बदलला कोणी?"

"मीच," अण्णासाहेब म्हणाले. "आठ शनीचा. आमच्या ज्योतिष्यानं सांगितलं, दुकानाच्या पाटीवरच्या नंबरात शेवटी आठ नको. मंग पाच केला. बुधाचा."

"पण तुमची बिलं तर बिनबोभाट निघतात!" शेठ म्हणाले.

सगळ्यांनी बिलं करणाऱ्या मुनीम कारभारींकडे पाहिलं. कारभारींनी चष्मा पुसला. "मी दर टायमाला आठ करून घेतो. मोठं माणूस. कसं सांगावं?"

अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला. प्रियाने मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली.

"म्हणजे इतकी वर्षं," अण्णासाहेब सावकाश म्हणाले, "तुम्ही सगळे मला चहा पाजून राह्यले आणि एकानं बी न्हाई सांगितलं?" ते शेठकडे वळले. "ही पोरगी तुम्हाला जड होत असंल तर आमच्या दुकानात पाठवा. मला गरज हाये."

मग त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "टाक पोरी आठ. बघू शनी काय करतो."

शनीने काही केलं नाही. हिरवी अक्षरं आली, टाळ्या झाल्या, पेढे फिरले. अण्णासाहेबांनी पाटी रंगवणाऱ्याला तिथूनच फोन लावला.

गर्दी पांगल्यावर शेठ प्रियाजवळ आले.

"मॅडम, उद्यापासून मला न्हाई म्हणायचं असलं, तर आधी चहा सांगत जा."

चहाचं प्रियाला मागाहून कळलं. तिला फक्त 'उद्यापासून' एवढंच ऐकू आलं होतं.