पिवळ्या काठाचा होस्टा

लीलावतीबाईंना स्वस्थ बसवत नसे, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. नोव्हेंबरात त्या नागपूरहून लीड्सला मुलाकडे आल्या. आठवड्याभरात स्वयंपाकघरातले डबे घासून झाले, मग नजर मागच्या बागेकडे वळली. शेजाऱ्यांच्या मोठ्या झाडाच्या सावलीत एका कोपऱ्यात काहीतरी कुजून लगदा झाला होता. मेलेलं झाड कशाला ठेवायचं? बाईंनी पदर खोचला, गड्डा मुळासकट उपटला आणि बागेच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला. गाडी आली नि घेऊन गेली.

मार्चमध्ये सून, वैभवी, रोज कामावर निघण्याआधी त्याच कोपऱ्यात वाकून बघू लागली. न राहवून बाईंनी मुलाला, वरदला विचारलं. त्याचा चेहराच उतरला.

"आई, तो होस्टा होता. विंटरमध्ये वरून मरतो, खाली जिवंत असतो. पाचव्या महिन्यात बाळ गेलं ना, त्याच आठवड्यात तिनं लावला होता. ताटाएवढी पानं यायची, हिरवी, पिवळ्या काठाची."

बाई तशाच उठल्या. "मी सांगते तिला."

"प्लीज नको. ती आत्ता कुठे सावरतेय. गार्डन सेंटरमधून सेम घेऊन येतो."

आणला, आणि वैभवी ऑफिसात असताना लावलाही. कोंब वर आले तेव्हा तिनं बाईंना हाताला धरून बाहेर नेलं. "आई, आला बघा!" इतकी हसली की बाईंना तिच्याकडे बघवेना. गोगलगायी खातील म्हणून ती रोज संध्याकाळी तिथे राखणीला बसे, आणि बाई शेजारी उभ्या राहून नुसतं हूं हूं करत. पानं तशीच निघू देत, एवढंच त्या देवाकडे मागत होत्या.

मे महिन्यात पहिलं पान उलगडलं. मधोमध पिवळं, काठ हिरवा.

वैभवीनं उकिडवं बसून पानाच्या काठावरून बोट फिरवलं. बाईंनी मग सगळं सांगून टाकलं, उपटल्यापासून. "चुकले गं मी. तुला वाईट वाटू नये म्हणून दुसरं आणलं."

"उपटलंत ते चुकून झालं, आई." वैभवीचा आवाज चढला नव्हता, त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली. "पण बाळ गेलं तेव्हाही फोनवर तुम्ही मला हेच म्हणालात. रडू नको, दुसरं होईल."

बाईंना आठवलं. आपण तेव्हा शहाणपणाचं बोललो, असंच त्यांना आजवर वाटत होतं.