टेकाडावरचं बारसं

शीलाने पाळणा खांद्यावर घेतला आणि सासूच्या मागोमाग टेकाड चढू लागली. सूर्यमाळला मोबाइलची रेंज मिळते ती त्या टेकाडावरच, मग बारसंही तिथेच! अख्खा पाडा हसत-खिदळत मागून निघाला.

तिच्या नवऱ्याचा, मंगेशचा, हट्टच होता तसा. "लेकीच्या कानात नाव मीच घालणार. आधी कुणाला सांगणार नाय." आणि हा गडी होता कुठे? उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरणाऱ्या गावचा माणूस समुद्राच्या तळाशी पाइप जोडत होता. काय म्हणावं याला! महिनाभर जहाजावरच्या बंद खोलीत राहायचं, तिथूनच बुडी मारायची. त्या खोलीच्या हवेत हेलियम, त्यामुळे आवाज पार बदकाचा होतो. तो पुन्हा माणसासारखा करणारं यंत्र जहाजावर होतं, म्हणून तर घरी बोलता यायचं.

फोन लागला. स्पीकरमधून नुसतं क्वॅकक्वॅक आलं. पोरं लोळून हसली. शीलाचे डोळे मात्र भरून आले. लेकीने बापाचा आवाज ऐकावा, एवढंच तिला हवं होतं.

"हा आनंदाने भलताच सुसाट सुटलाय," जहाजावरचा साहेब मध्येच म्हणाला. "यंत्राला झेपत नाही. नाव लिहून पाठवू का?"

"लिहून नको," शीला म्हणाली. "तिच्या कानात पडाया पायजे."

सासूने, सकूने, फोन हिसकावला.

"मंग्या, गप! बाप झालास म्हणून एवढा उधळू नको. समोरच्या पाड्याला हाळी कशी देतोस? तशी दे. दरीपार जाऊ दे."

शीलाने फोन बाळाच्या कानाशी धरला.

"फाऽऽऽ... गीऽऽऽ..."

आवाज बारीक होता, पण त्याचाच होता. शीला हसता हसता रडली. सकू मटकन खाली बसली. फागी तिच्या आईचं नाव. आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

"फोन ठेवू नका," साहेब म्हणाला. "बाकीच्यांनाही हाळी द्यायचीय, ऐकतच नाहीत."

आणि त्या खोलीतले पाचही पाणबुडे, कुठकुठल्या मुलखातले, सावकाश हाळी देऊ लागले, "फाऽऽऽगीऽऽऽ!"

सकू उठली. फोन तिने घेतलाच नाही. मावळतीकडे, समुद्राच्या दिशेला तोंड केलं, ओठांशी दोन्ही हात धरले.

"ओऽऽऽऽ!"

मग सुनेकडे वळून म्हणाली, "पोर तान्ही हाय. ओ कुणी द्यायची?"