कांस्यरंगी मोराच्या लेकी

अर्व्हिलाने त्या चार लांडोरी देऊन टाकल्या, आणि शिवाय, नेताना नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून पायातली लाल कडीही कापून काढली. काय म्हणावं या बाईला! पण तिचंही खरंच होतं. नवरा वेंडेल जाऊन दोन महिने झालेले, अमेरिकेतल्या आयोवाची थंडी, पाणी गोठलेलं; साध्या तपकिरी लांडोरी कोण सांभाळत बसणार? दाणागोट्याच्या दुकानात चिठ्ठी लावली, आणि त्या घेऊन गेला नेमका ऑरिन. जत्रेतल्या बक्षिसावरून नवऱ्याशी नऊ वर्षं अबोला धरलेला शेजारी.

मार्चमध्ये तिने नवऱ्याची वही उघडली, तेव्हा कुठे तिला कळलं. हिरव्या आणि निळ्या मोरांच्या संकरात अकरा वर्षं खपून त्याने एकच कांस्यरंगी मोर मिळवला होता. हा रंग आईबाप दोघांकडून आला तरच पिल्लात दिसतो. त्या चौघी त्याच मोराच्या लेकी, रंग आत दडवून बसलेल्या. लाल कडं ही त्याचीच खूण. मोर आता थकलेला. ही वीण हुकली की सगळं संपलं. आणि एव्हाना ऑरिनने आपले मोर त्यांच्यात सोडले असणार.

तरी ती गेली. "ऑरिन, मागायला तोंड नाही मला. पण त्यातली एक दे."

"एक काय करायचीय? चल."

कोठारामागे वेगळा पिंजरा होता. आत त्या चौघी, मोर एकही नाही.

"सगळ्यांच्या पायाला कड्याचा वळ होता," तो म्हणाला. "तुझा नवरा उगाच कुणाला कडं घालायचा नाही. म्हणून लांब ठेवल्या."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"वाटलं, तुला बघवत नसतील. न्यायला आलीस तर असाव्यात. भांडण त्याच्याशी होतं, पाखरांशी काय वैर?"

अर्व्हिला तिथेच रडली. इतके उपकार तिच्यावर कुणीच केले नव्हते, आणि तसं तिने त्याला सांगितलंही.

चौघी घरी आणून तिने म्हाताऱ्या मोराजवळ सोडल्या. जुलैत नऊ पिल्लं निघाली, त्यांतली चार कांस्यरंगी. पहिलं खोक्यात घालून तिने ऑरिनच्या हातात दिलं.

"मी मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणूनच देतेय."

त्याने ते तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, बराच वेळ न्याहाळलं.

"वेंडेल असायला हवा होता," तो म्हणाला.