अन्नपूर्णाबाईंच्या नऊ सह्या

नाव: संजीवनी
काम: मिरची बियाणे प्लॉटची तपासणी
गावे: अकरा
शेतकरी: तेवीस
शेरा (साठ अक्षरांपर्यंत): शेरा लिहिणारीबद्दल शेरा लिहायला या फॉर्ममध्ये कुठेही जागा ना

संपली जागा. साठ अक्षरं झाली की टॅब पुढचं घेत नाही. पेन काचेवर फिरतं, पण उमटत काही नाही.

आधी आमच्याकडे रजिस्टर होतं. या हंगामात कंपनीने टॅब दिला. काळं रबरी कव्हर, पाठीमागे हात अडकवायचा पट्टा आणि हरवू नये म्हणून वायरीने बांधलेलं पेन. जालन्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं, की गाडीवर बसल्या बसल्या, बांधावर उभ्या उभ्या फॉर्म भरा. बोट लावा, पेनाने लिहा, शेवटी शेतकऱ्याची सही घ्या. सही झाली की फॉर्म बंद. मग त्यात कुणालाच काही बदलता येत नाही.

मी खूश झाले.

पुसा.

मी खूश झाले नाही. स्क्रीनवर मी जिथे उभी असेन तिथे निळा ठिपका यायचा. मी चहाला थांबले की ठिपकाही थांबायचा. तो जालन्यात कोण बघतं, ते ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

भेट १

अन्नपूर्णाबाईंचं शेडनेट, म्हणजे जाळीखालचं शेत, देऊळगाव राजापासून नऊ किलोमीटरवर. मिरचीचं बियाणं हाताने तयार होतं. सकाळच्या वेळात बाया मादी झाडाची कळी उघडतात, नर झाडाचा पराग तिला लावतात आणि देठाला लाल धागा बांधतात. धागा बांधलेलं फळ बियाण्याचं. बिनधाग्याचं फळ आपोआप धरलेलं, ते तोडून फेकायचं. तसं फळ झाडावर राहिलं, तर बियाण्यात भेसळ होते आणि कंपनी प्लॉट सोडून देते. म्हणजे अख्ख्या हंगामाचं राबणं वाया.

माझं काम एवढंच: दर आठवड्याला जायचं, ओळी बघायच्या, दिसलं ते लिहायचं, शेतकऱ्याला सांगायचं, आणि त्याने ते ऐकलं म्हणून खाली त्याची सही घ्यायची.

अन्नपूर्णाबाईंनी तीन वेळा सही करून पाहिली. त्या पेन टेकवायच्या आणि त्यांच्या बांगड्या काचेला लागायच्या. बांगडी लागली की पान वर सरकायचं, सही अर्धी वर, अर्धी खाली.

"हे पाटी तं पयते बाई हाताखालून," त्या म्हणाल्या.

"बांगड्या वर सारा, काकू."

"बांगड्या सारल्या तं हा पराग कुठं सारू?" त्यांच्या बोटात पराग भरलेली रिंग होती, आणि बोटं पिवळी. क्रॉसिंगच्या, म्हणजे पराग लावायच्या, वेळात रिंग काढत नाहीत. काढली की हात धुवा, स्पिरिट लावा, पुन्हा पराग भरा. तेवढ्यात दोन ओळींची फुलं निघून जातात. "तूच काढ माही सही. रजिस्टरात पाह्यली ना तू? तशीच काढ."

मी नाही म्हणाले.

पुसा.

मी एकदा नाही म्हणाले.

पुसा.

पेन माझ्याच हातात होतं.

सही माझ्या हाताला लगेच जमली. पुढच्या दोन आठवड्यांत तेवीसही शेडनेटांत हेच झालं. कुणाचे हात परागाचे, कुणाच्या बांगड्या, कुणी म्हणे काचेवर सही म्हणजे कोऱ्या कागदावर सही, तूच कर, उद्या काही झालं तर मी केलीच नाही म्हणायला मोकळा. सगळे हसायचे. मीही हसायचे.

भेट २, ३, ४, ५

शेरा: शेडनेट स्वच्छ. ओळी वेगळ्या. शेतकरी सहकार्य करीत आहेत. मजूर म

मजूर महिला टॅब बाहेर काढला की गप्प व्हायच्या, हे लिहायचं होतं. आधी मी आत शिरले की कुणाच्या तरी लग्नाच्या गोष्टी चालू असायच्या. आता नुसता पानांचा आवाज.

"हे आपलं बोलनं आयकते का?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"नाही काकू. फक्त फोटो आणि सही."

"फोटो कायचे?"

"झाडांचे."

"अन् झाडापाशी मानूस असला तं?" त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून टॅबवर टाकला. "राहू दे. तुले लिवायचं असन तवा उघड."

सून प्रतिमा खुदकन हसली. तीही याच ओळींत काम करते. सासूला आत्याबाई म्हणते. "आत्याबाई, टॉवेलखालून बी आयकू येते बरं!"

"मंग तुहं तोंड झाक."

भेट ६

आदल्या आठवड्यात मला ताप होता. दोन दिवस मी कुठेच गेले नाही, आणि अन्नपूर्णाबाईंकडे द्यायची लाल धाग्याची लडी माझ्याच डिकीत राहिली.

सहाव्या भेटीला तिसऱ्या ओळीत मला चौदा फळं दिसली. धागा नाही. मी पुन्हा मोजली. पलीकडून प्रतिमाने माझ्याकडे पाहिलं आणि पदराखाली पटकन काहीतरी सारलं. अन्नपूर्णाबाई पाठमोऱ्या.

विचारायचं होतं. पण मला वाटलं, यांनी दांडी मारली, क्रॉसिंग केलंच नाही, आणि आता फळं वाढवून वजन भरताहेत. विचारलं तर भांडण. शिवाय जालन्यात बियाणं तपासलं आणि भेसळ निघाली, तर पहिलं विचारतील, संजीवनी, तू काय बघत होतीस?

म्हणून लिहिलं: तिसऱ्या ओळीत १४ फळे धाग्याविना. शेतकऱ्यास समज दिली.

समज दिली नव्हती. शब्दही बोलले नव्हते. खाली अन्नपूर्णाबाईंची सही केली. वरची रेघ आधी, मग अक्षरं. त्यांनी स्वतः कबूल केल्यासारखी. आणि म्हणाले, "येते काकू."

"चहा?"

"नको, उशीर झाला."

भेट ७, ८, ९

शेरा:

पडताळणी

जालन्याहून विहंग सरांचा फोन आला. आमच्या भागाचे तपासणी अधिकारी, वय जेमतेम तिशी, बोलणं हळू.

"तेवीस शेतकऱ्यांच्या सह्या एकाच हाताच्या आहेत असं सिस्टीम दाखवतेय. मी उद्या सकाळी येतो. अन्नपूर्णाबाईंपासून सुरू करू. त्यांच्या फॉर्मवर तो समज दिल्याचा शेराही आहे. तेवढ्यावर प्लॉट नामंजूर होऊ शकतो."

"आणि सह्या माझ्या निघाल्या तर?"

"तर टॅब मला द्यायचा आणि घरी जायचं. शेतकरी म्हणाले आमच्याच आहेत, तर माझं काही म्हणणं नाही."

मी अन्नपूर्णाबाईंना फोन लावला.

"काकू, उद्या साहेब येतील. सह्या तुमच्याच आहेत म्हणा. नाहीतर माझं काम जातं."

"कोनाच्या हायेत मंग?"

"म्हणजे... तुम्हीच सांगितल्या ना काढायला."

"हाव, मीच सांगतल्या." मग त्या म्हणाल्या, "पन तू एवढी काऊन घाबरून राह्यली? वर काय लिवलं हाय तू?"

"काही नाही. नेहमीचं."

फोन त्यांनी ठेवला.

सकाळी विहंग सर शेडनेटच्या दाराशी, सावलीत. टॅब त्यांच्या हातात. "बाई, या तुमच्या सह्या?"

अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या, परागाची बोटं हवेत धरून. मागे प्रतिमा.

सरांनी बोट लावलं आणि सही पुन्हा होऊ लागली. पेन नाही, हात नाही, काचेवर रेघ आपणहून सरकत गेली. टॅब नुसतं अक्षर ठेवत नाही, ते कसं काढलं, कुठे दाबलं, कुठे थांबलं, तेही ठेवतो. मला माहीत नव्हतं. आधी वरची आडवी रेघ, अगदी सरळ. मग तिला एकेक अक्षर लटकत गेलं.

"आयवं," प्रतिमा म्हणाली. "आधी छप्पर, मंग भिंती?"

"तुम्ही अशीच करता?" सरांनी विचारलं.

अन्नपूर्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हाव."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ माह्या. आता वरचं वाचा."

"वरचं म्हणजे?"

"सही माही, तं लिवलेलं बी माहंच ना? मंग मले आयकू द्या मी काय लिवून देल्लं ते."

सर वाचू लागले. पहिली भेट. दुसरी. प्रत्येक वेळी त्या मान हलवायच्या. पाचवीनंतर मला वाटलं, आता काहीतरी व्हावं, टॅबची बॅटरी संपावी, कुणाचा तरी फोन यावा. कुणाचा फोन आला नाही.

"सहावी. तिसऱ्या ओळीत चौदा फळे धाग्याविना. शेतकऱ्यास समज दिली."

एक बाई नेटच्या आतून दाराशी आली. मग दुसरी.

"समज?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "कोनी देल्ली? कवा?"

मी टॅबकडे बघत राहिले.

"तुले इचारते मी, संजे. तू तं चहा बी नाई घेतला त्या दिशी."

"चौदा नाई," प्रतिमा म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "सोळा हायेत. या. या ना साहेब, पाह्यून घ्या."

आम्ही आत गेलो. तिसरी ओळ. प्रतिमाने एक फांदी उचलली आणि देठावर नख ठेवलं. तिथे धागा होता. हिरवा. देठाच्याच रंगाचा, दोन पदरी, घट्ट गाठीचा. तिने दुसरी फांदी उचलली. तिसरी. सरांनी वाकून एकेक बघितलं.

"लाल धागा संपला होता," प्रतिमा म्हणाली. "ही आली नाई. फुलं तं थांबत नाईत. माह्या हिरव्या लुगड्याची किनार उसवली अन् बांधलं. कंपनी म्हन्ते लालच पायजे. म्हनून ही आली तवा किनार पदराखाली लपवली. हिले दिसली तं हे प्लॉट फेल करन, असं वाटलं आम्हाले."

"मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत?" मी म्हणाले.

"इचारून तं पाह्यचं होतं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

सर टॅबवर खाली-वर करत होते. "शेरा चुकीचा आहे. पण मला बदलता येत नाही. सही झाली की फॉर्म बंद. सही शेतकऱ्याची नाही असं ठरलं, तरच तो रद्द होतो आणि नवीन तपासणी करता येते. तसं नसेल तर हा शेरा तसाच पुढे जाईल." त्यांनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. "तुम्ही तर म्हणालात, नऊही तुमच्या."

"म्हनलं."

"मग आता?"

"मी एकदा म्हनलं ते म्हनलं. माही जबान काई पाटीवरची नोय पुसाले." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता हे बोलन."

सर माझ्याकडे बघत राहिले. बाया बघत राहिल्या.

मी म्हणाले, त्यांनीच सांगितलं होतं काढायला.

हे पुसू नका. हे मी खरंच आधी म्हणाले. सगळ्यांसमोर.

"खरं हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सही काढ म्हनलं होतं मी."

"नऊही माझ्या आहेत, सर," मी म्हणाले. "सहाव्या भेटीला मी यांना काही सांगितलं नाही. समज दिली हे खोटं आहे."

"बाकीच्या बावीस जणांच्या?"

"त्याही माझ्याच."

सरांनी दोनदा बोट लावलं. विचारलं नाही, समजावलं नाही, रागावले नाहीत. माझं नाव वरच्या कोपऱ्यात होतं, तिथे त्यांचं आलं. "गाडीच्या डिकीत कंपनीचं काही असेल तर देऊन जा," ते म्हणाले. मी धाग्याच्या उरलेल्या लड्या आणून दगडावर ठेवल्या.

मग नवीन फॉर्म. सर ओळी फिरून आले, प्रत्येक फांदी बघितली, हिरव्या धाग्यांचे फोटो काढले. अन्नपूर्णाबाई त्यांच्या मागे मागे. प्रत्येक रकान्याला थांबवून विचारत होत्या, हे काय लिवलं? अन् हे? सर वाचून दाखवत होते.

"शेरा: तिसऱ्या ओळीत सोळा फळांना हिरवा धागा. क्रॉसिंग योग्य." त्यांनी टॅब पुढे केला. "प्लॉट ठीक आहे. सही इथे करा."

"अन् माहं म्हननं?"

"म्हणजे?"

"ते तुमचं लिवनं झालं. मले जे म्हनायचं हाय, ते कुठं लिवायचं?"

सरांनी फॉर्म वर नेला, खाली आणला. पुन्हा वर नेला. "असा रकाना नाहीये, बाई. तुम्ही फक्त सही करायची."

"मंग थांबा. ऊन चढून राह्यलं, फुलं मिटतीन. तवरोक पाहा, सापडते का."

त्या आत गेल्या. सर दारात उभे, एका हातात टॅब, दुसऱ्या हातात पेन.

मी गाडीची किल्ली हातात घेऊन तिथेच होते. जायला हवं होतं.

नेटच्या आतून प्रतिमाचा आवाज आला. "आत्याबाई, ते गेली का?"

"नाई. उभी हाय."

"कायले?"

अन्नपूर्णाबाई काय म्हणतात ते ऐकायला मी थांबले. आतून नुसता पानांचा आवाज येत राहिला.