पान आहे, नीट पाहावे

“इशारे वाचल्याशिवाय ती काळी खिडकी बंद करायची नाही, पोरी. रोजचा नेम समज,” असं तिला काम शिकवणाऱ्या काकांनी निवृत्तीच्या दिवशी बजावलं होतं. तिनं मान डोलावली होती.

नेम वर्षभर टिकला. पंपांच्या कंपनीत तिचं काम एवढंच, की पंप कसा चालवायचा ते सांगणारी वेबपानं संगणकाच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करून एकत्र बांधायची आणि त्यांची एकच मदत-फाइल करायची. म्हणजे इंटरनेट नसलेल्या पंपघरातही बटण दाबलं की माहिती उघडावी. आज्ञा दिली की इशाऱ्यांच्या ओळी धो धो वाहायच्या, बहुतेक फालतू. मग तिला कळलं, शेवटी एक शब्द जोडला की इशारे गप्प बसतात. तिनं तो जोडला, आज्ञा जपून ठेवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

आज टेबलावर नवा संगणक आला. जपलेली आज्ञा जुन्यावरच राहिली, म्हणून तिनं हातानं टाइप केली. तो शब्द तेवढा राहून गेला. ओळी वाहू लागल्या. चहाला उठता उठता तिची नजर एका ओळीवर अडली: ‘दाब अचानक वाढल्यास’ हे पान सापडलं नाही, वगळलं.

ती परत खुर्चीत बसली. इशारे गप्प केल्यानंतर एकदा आवराआवर करताना तिनंच ते पान दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं होतं. फाइल बांधायच्या यादीत पत्ता जुनाच राहिला होता.

गेल्या महिन्यात एका पंपचालकाचा फोन आला होता.

“ताई, दाब वाढला म्हणून मदतीचं बटण दाबलं, तर पानच नाही. अंदाजानं व्हॉल्व्ह फिरवला, पाइप फुटला, घराघरांत पाणी शिरलं. आता सगळे म्हणतात, ह्याला वाचता येत नाही.”

“आहे हो दादा. मी आत्ता समोर बघतेय.”

ती बघत होती वेबसाइट; तिथं पान होतं. फाइल उघडायचं तिला सुचलंही नव्हतं.

“मग येऊन माझ्या मशीनवर दाखवा. अठरा वर्षं पंप चालवतोय, आंधळा नाही मी.”

“येईन हं, सवडीनं.”

आणि पाइप फुटल्याची चौकशी करणाऱ्यांना तिनं लिहून पाठवलं होतं: ‘पान आहे. चालकाने नीट पाहावे.’ खाली झोकदार सही. त्या कागदावर त्याला पंपावरून काढून फाटकावर बसवलं होतं.

तिनं साहेबांना सगळं सांगितलं. मान काही वर होईना.

“अहो, नवी फाइल पाठवा नि मोकळ्या व्हा. कोण तपासतंय?”

“त्या चालकाला तपासलं ना, साहेब.”

“कंपनीचं नाक कापलं जाईल, बाई.”

“कंपनीचं कशाला? सही माझी आहे. मी स्वतः जाऊन सांगते.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “जा. पण मला विचारून गेलात असं कुठं बोलू नका.”

तिनं कागद घेतला. ‘पान नव्हते. चालकाने नीट पाहिले होते. चूक माझी.’ या वेळची सही लहान आली. सोबत तिनं जुनी फाइल घेतली आणि इशाऱ्यांची ती ओळ छापून घेतली.

दाराशी हजेरीवाल्यानं हटकलं. “ताई, अर्ध्या दिवसाची रजा? कारण काय लिहू?”

ती थांबली. चपलेचा बंद नीट केला.

“येईन म्हटलं होतं, एवढंच लिहा.”

आणि ती पंपघराच्या बसथांब्याकडे चालू लागली.