खारी विहीर

आमच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीचं पाणी खारं आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरात आलेली प्रत्येक नवी सून तिच्यात एक हिरवी बांगडी सोडते, पाण्यातल्या साती आसरांच्या नावानं. एरवी तिकडे कुणी फिरकत नाही.

मी कडगंचीला विद्यापीठात इतिहास शिकते आणि सुट्टीत घरी आले की प्रश्न विचारून सगळ्यांचा जीव नकोसा करते. जुन्या काळच्या लोकांना पृथ्वी सपाट वाटायची, असं सगळे म्हणतात. शोधायला गेलं तर शिकलेल्यांना ती गोल असल्याचं कितीतरी शतकं आधीच माहीत होतं. तेव्हापासून 'सगळे म्हणतात' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. यंदा बोअर आटला आणि शिवराजदादाचा ऊस डोळ्यांदेखत वाळायला लागला. मी विचारलं, त्या विहिरीचं पाणी चाखलंय कुणी? वडिलांनी चाखलं नव्हतं, आईनंही नाही. दादा आधी हसला, पण आशा वाईट. तू चाखून ठेव, म्हणाला, आणि पाण्याच्या मोटारीचं बघायला हुमनाबादला गेला.

पाणी खोल गेलेलं होतं. बादली तळाला टेकली आणि वर आली तेव्हा तिच्यात हिरव्या काचेचा तुकडा होता. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. तरी ओंजळभर प्याले. पाणी गोड होतं.

मी पळतच चंद्राअक्काकडे गेले. ती आजोबांची बहीण, माहेरीच राहिलेली. निजामाचं राज्य गेलं त्या साली ती लहान पोर होती. ती तूर पाखडत बसली होती.

"गोड हाय. ठाव हाय मला," ती म्हणाली.

"मग सगळे खारं कामून म्हनतेत?"

तिनं सूप खाली ठेवलं. त्या साली गाव पेटलं, मुसलमानांची घरं जाळली गेली, तेव्हा बांगड्या भरणारी रसूलबी लेकीला घेऊन आमच्या दाराशी आली होती. कडी वाजवत राहिली. लेक अक्काच्याच वयाची, तिला नावानं हाका मारत होती. अक्काच्या वडिलांनी दार उघडलं नाही. सकाळी मायलेकी विहिरीत सापडल्या. अक्काच्या आईनं हातातली एक बांगडी काढून पाण्यात सोडली आणि विहीर खारी झाली म्हणून गावात सांगितलं.

"आसरा कुठल्या गं. तिच्या बांगड्या तिला," अक्का म्हणाली. "अन् खारं म्हनलं की कुनी कामून म्हून इचारत न्हाई."

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. दादाला राहवलं नव्हतं, तो मोटार घेऊनच आला होता. मी दारात आले, तर उतरण्याआधीच त्यानं विचारलं, कसं लागलं पाणी?

माझ्या जिभेवर ती गोडी तशीच होती. त्याच्या मागं ऊस पिवळा पडलेला दिसत होता. खरं सांगायचं तर पणजोबांचं बंद दारही सांगावं लागणार होतं, आणि त्याच दाराच्या उंबऱ्यावर मी उभी होते. मला भीती वाटली.

"खारं हाय," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि टेम्पो वळवायला सांगितला. कामून म्हणून त्यानं विचारलं नाही.