असे वाचावे

कॉलेजला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम ड्रॉइंगच्या निवृत्त मास्तरांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणायचं ते आपलं उगाच. मास्तर आतून हरखले होते. ते तिथेच शिकलेले, तिथेच बत्तीस वर्षं शिकवलेलं. पहिलं लेथ मशीन कुठल्या खोलीत बसवलं, कुठल्या प्राचार्यांनी कुठली भिंत पाडली, सगळं तोंडपाठ. पुस्तक छापून आलं आणि ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी तासाभरात चार चुका काढल्या.

"शेवटी शुद्धिपत्र जोडावं लागणार, सर," बाई म्हणाल्या. "आणि पान सदतीसवरच्या फोटोत सगळ्यांची नावं आहेत. मागे जे घण घेऊन उभे आहेत, त्यांच्याखाली मात्र नुसतं 'लोहारकामाचे मिस्त्री'. नाव नाही आठवत?"

"बघतो," म्हणून मास्तर चष्मा पुसत बसले.

न आठवायला काय झालं? स्वतःच्या बापाचं नाव कोण विसरतं? पण मिस्त्रींना नाव असतं हे तेव्हा कॉलेजात कुणाच्या डोक्यातच नव्हतं, आणि ते मास्तरांच्या चांगलं पथ्यावर पडलं होतं. पहिल्याच दिवशी भट्टीजवळ एकाने विचारलं, "हे मिस्त्री तुझ्याकडेच का बघतायत रे?" सतरा वर्षांच्या मास्तरांनी खांदे उडवले. "मला काय माहीत."

वडिलांनी ते ऐकलं. चिमट्यातलं लोखंड भट्टीत सरकवत ते मुलाला म्हणाले, "तुम्ही जरा मागे उभे राहा. ठिणग्या उडतात."

पोटच्या पोराला तुम्ही! तीन वर्षं त्यांनी हे निभावलं. घरी तू, कॉलेजात तुम्ही. एकदा जेवताना मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही अजून थोडं वाढून घ्या." आई पोट धरून हसली. बाप हसला नाही. पोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी तो पुन्हा अनोळखीच.

मास्तरांनी चार चुकांखाली घाईघाईने पाचवी ओळ लिहिली आणि कागद घडी करून बाईंना दिला. बाईंनी तो वाचला, मास्तरांकडे पाहिलं.

"हे शुद्धिपत्रात, सर? ते कोण वाचतं?"

"असू दे."

जिना उतरता उतरता त्यांच्या लक्षात आलं. कुणी वाचत नाही, म्हणूनच तर आपण तिथे लिहिलं. म्हणजे बापाला पुन्हा मागेच उभं केलं. या वयात आपलीच इतकी शरम वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते पायरीवरच बसून राहिले.

समारंभाला सभागृह भरलं होतं. प्राचार्यांनी पुस्तकाची तोंडभरून स्तुती केली आणि मास्तरांना बोलायला उठवलं. भाषण खिशातच राहिलं.

"पुस्तक शेवटून उघडा," मास्तर म्हणाले.

लोकांना ती थट्टा वाटली, हशा पिकला. मास्तरांनी शुद्धिपत्र वाचायला घेतलं. चार चुका सरळ वाचल्या. पाचवीपाशी ते थांबले. पाण्याचा घोट घेऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"पान सदतीस. 'लोहारकामाचे मिस्त्री' याऐवजी 'माझे वडील' असे वाचावे."

पहिल्या रांगेत त्यांच्याबरोबर शिकलेले तिघे बसले होते. त्यांनी पान सदतीस काढलं.

"मी त्यांना इथे कधी हाक मारली नाही," मास्तर म्हणाले. "ते मला तुम्ही म्हणायचे. माझी पत राहावी म्हणून." एवढं बोलून ते खाली येऊन बसले. खूप दिवसांनी जरा हलकं वाटत होतं.

शेजारी टायपिस्ट बाई होत्या. त्या वाकून हळूच म्हणाल्या, "सर, आणि नाव? नाव राहिलंच की."

मास्तरांनी कागद पुन्हा पाहिला. खरंच. चूक सुधारतानाही त्यांनी 'माझे' लिहिलं होतं, बापाचं नाव लिहिलंच नव्हतं.